आकडी नको, म्हणाले होते

मी आकडी बोलतेय, साप धरायची. नाक मुरडू नका! माझ्या या वाकड्या टोकाने बोरिवलीतले कितीतरी नाग न दुखावता उचललेत.

माझा जन्म मनोरीचा. लहू कोळ्याने मोडक्या होडीची सळई तापवून वाकवली, बांबूत ठोकली आणि विद्याधर साहेबांच्या हातात दिली. साहेब कचेरीत कारकून, पण सापांचं वेड भारी. सुरुवातीला माझ्याशिवाय पाऊल टाकत नसत.

मग त्यांना टाळ्यांची चटक लागली. अंधेरीच्या हॉलमध्ये स्टेजवर पाणदिवडीकडून हाताला चावून घ्यायचे आणि छाती काढून सांगायचे, "मला विष चढत नाही!" अहो, दिवड बिनविषारीच! पण बघणाऱ्यांना काय माहीत? एका पेपरने त्यांना सर्पतज्ज्ञ म्हटलं, दुसऱ्याने सरळ भोंदू. खरं काय ते त्यांच्या बायकोला, शुभाताईंना, ठाऊक होतं आणि मला. मी मात्र दाराआड पडले. माझ्यावर ओलं पायपुसणं वाळत घालायचे. राग येणार नाही तर काय?

चौऱ्याऐंशी साली एका सकाळी लहूचा निरोप आला, जाळ्यांच्या ढिगात साप शिरलाय. शुभाताईंनी मला हट्टाने बरोबर घेतलं.

मनोरीला लहूच्या अंगणात अख्खा कोळीवाडा जमलेला. जाळ्यातून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. घोणस! माझं लोखंड गार पडलं.

"आकडी घ्या," शुभाताई म्हणाल्या.

"आकडी नको." साहेबांनी गर्दीकडे बघून हात घातला.

घोणशीने बोट धरलं. साहेबांनी हात झटकला, ती कुंपणात पळाली. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या!

"सायबाला ईख चढत नाय," लहू अभिमानाने म्हणाला. त्याच्या बायकोने, सरूबाईने, चहा टाकला. दवाखाना खाडीपलीकडे, आणि धक्क्यावर पलीकडच्या मार्व्याला जाणारी बोट सुटायच्या तयारीत होती, पण कुणाला घाई म्हणून नव्हती. मला हातपाय असते तर मीच धावले असते हो!

साहेब हसत होते. बोट वांग्याएवढं सुजलं. मग हिरड्यांतून रक्त आलं. तरी तोंड उघडेनात. मेली ती प्रतिष्ठा!

शुभाताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

बोटीचा भोंगा वाजला.

साहेबांनी मान खाली घातली. "लहू, मी खोटं बोलत होतो रे. मला चढतं विष. मला दवाखान्यात ने."

सरूबाईच्या हातातला कप पडला. "मेल्या, आदी नाय बोलाचं?"

लहूने साहेबांना खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला, ओरडत, "बोट थांबवा!" शुभाताई मागे, मी त्यांच्या मुठीत. कांदिवलीच्या दवाखान्यात इंजेक्शनं मिळाली. जीव वाचला, बोट मात्र कापावं लागलं.

आता साहेब मला घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. भाषणाला हॉल भरत नाही, पाच-पंचवीस माणसं येतात. साहेब आधी चार बोटांचा हात वर करतात आणि म्हणतात, "मला विष चढतं. तुम्हालाही चढेल."

कुणी टाळी वाजवत नाही. तुम्हीही नका वाजवू, हात जोडून सांगते. मला हात नाहीत, तरी.