सुतकातला आठवडा

'चुकून दाबलं गेलं म्हण,' असं मी किराण्याच्या पावतीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सुमंतच्या नाकासमोर धरलं. त्याने वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं आणि पावती माझ्याकडे परत सरकवली. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला तोंड उघडता येत नव्हतं. नाहीतर शॉमबर्गमधल्या आमच्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी बरंच काही ऐकलं असतं.

फोनवर अनएम्प्लॉयमेंट ऑफिसातल्या बाई होत्या, नाव डेनीस. त्यांच्या कॉलबॅकसाठी नंबर लावून आम्ही वाट बघत बसलो होतो. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी आपलं मराठीत सांगते.

झालं होतं असं. सुमंत माझा नवरा, साठीला आलेला. आमच्या सावनीच्या जन्माआधीपासून एकाच कंपनीत. मार्चमध्ये एका सकाळी त्याला मीटिंगला बोलावलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्याचा लॅपटॉप बंद झाला. मग बेकारी भत्ता सुरू झाला. तो मिळायला वेबसाइटवर नेमाने काही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्यातला एक प्रश्न असा, की या आठवड्यात तुम्ही कामासाठी एबल अँड अव्हेलेबल होतात का? म्हणजे धडधाकट होतात का, आणि कोणी कामाला बोलावलं असतं तर गेला असतात का. सगळी दुनिया डोळे मिटून 'हो' म्हणते. आमच्या हरिश्चंद्राने एका आठवड्याला 'नाही' म्हटलं.

झालं. क्लेम अडकला. तो आठवडा तर गेलाच, पण पुढचे सगळे भत्तेही थांबले. चौकशी झाल्याशिवाय काही मिळणार नाही असं पत्र आलं. डेकेअरमधल्या माझ्या अर्धवेळ नोकरीत घरातला किराणा भागतो, घराचा हप्ता नाही भागत. सावनीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. हा भत्ता बंद झाला तर घर विकायला काढावं लागणार, हे आम्ही दोघंही जाणून होतो, फक्त एकमेकांसमोर बोलत नव्हतो.

त्याच आठवड्यात नागपूरला गुरुनाथदादा गेले होते. सुमंतचे मोठे भाऊ. सासरे लवकर वारले, तेव्हा दादांनी आपलं बीएस्सी अर्धवट सोडून टेलिफोन खात्यात नोकरी धरली आणि धाकट्याला इंजिनिअर केलं. सुमंत तिकडे गेला नाही. देशाबाहेर गेलं की तेवढ्या काळाचा भत्ता मिळत नाही, त्यात ऐनवेळच्या तिकिटाचे भाव. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, नको. दादांना मुलगा नाही. अग्नी त्यांच्या लेकीने, सुवर्णाने दिला. तिकडे दिवेलागण, इकडे सकाळ. सुमंतने ते किचनमध्ये बसून फोनवर बघितलं. मी कामावर होते.

एरवी या माणसाला सुतक काय नि सोवळं काय, कशाचंच काही नाही. म्हणून तर मला वाटलं होतं, दुःखात होता, खरोखरच चुकीचं बटण दाबलं गेलं असेल.

"सर, तुम्ही आजारी होतात का?" डेनीसबाईंनी विचारलं.

"नाही."

"प्रवासात होतात?"

"नाही. घरीच होतो."

"गाडी बंद होती? घरात कोणाची देखभाल करायची होती?"

"नाही, मॅडम."

 बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, या प्रश्नात पुष्कळांचा गोंधळ होतो. तुमचाही झाला असेल तर तसं सांगा. मी इथूनच दुरुस्त करू शकते."

त्या माउलीने दार उघडून वर पाटसुद्धा मांडून ठेवला होता. फक्त आत जाऊन बसायचं होतं. मी पावतीवर बोट आपटलं.

"गोंधळ नव्हता," सुमंत म्हणाला. "मी विचार करून 'नाही' म्हटलं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग कारण काय लिहू?"

"माझा मोठा भाऊ वारला."

"अरेरे. आय ॲम सो सॉरी. म्हणजे तुम्ही अंत्यविधीला गेला होतात?"

"नाही गेलो. म्हणूनच."

"मला समजलं नाही, सर."

सुमंतने घसा साफ केला. ऑफिसात प्रेझेंटेशन देताना बोलायचा तसा सावकाश, एकेक शब्द उचलत बोलायला लागला. "तो इंडियात वारला. मी फोनवर बघत होतो. पुतणीने हातात अग्नी घेतला होता. तेवढ्यात जर्सी सिटीच्या एका रिक्रूटरचा फोन आला. मी घेतला नाही. दोनदा आला. दोन्ही वेळा घेतला नाही."

मी म्यूट दाबलं.

"कुठला रिक्रूटर? मला कसं माहीत नाही?"

"तो हेल्थकेअरचा प्रोजेक्ट होता ना, तिथला."

"आणि तू घेतला नाहीस?"

"मला सुवर्णा दिसत होती, कांचन. फोन घेतला असता तर ते दिसायचं थांबलं असतं."

"मग नंतर करायचास. दुसऱ्या दिवशी करायचास. महिनोन्‌महिने वाट बघतोय आपण, यार."

"नाही केला. त्या आठवड्यात कोणालाच नाही केला." तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता. "माझ्या प्रत्येक परीक्षेला दादाने रजा काढली. व्हिसासाठी नागपूरहून मुंबईपर्यंत माझ्याबरोबर आला, रात्रभर वकिलातीबाहेर फुटपाथवर बसला. त्याच्या वेळी मला जाता नाही आलं. निदान काम करणार नाही, कामाला हात लावणार नाही, एवढं तरी केलं. एवढंच केलं गं मी त्याच्यासाठी. आता तेही चुकून झालं म्हणू?"

   घर गेलं तर जाऊ दे, असं एक क्षण वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या विचाराची भीतीही वाटली.

"सर? आहात ना?" फोनमधून आवाज आला.

म्यूट मीच काढलं.

"आहे, मॅडम."

"त्या रिक्रूटरने तुम्हाला नोकरी देऊ केली होती का?"

"नाही. बोलणंच झालं नाही."

"मग ते काम नाकारणं होत नाही. पण तो आठवडा मला नामंजूर करावा लागेल. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्ही उपलब्ध नव्हतात."

"बरोबर आहे," सुमंत म्हणाला. बाजारात भाव पटल्यासारखं म्हणाला.

"आता एक शेवटचं. बाकीचे आठवडे मोकळे करायचे तर मला हे विचारून नोंदवावंच लागतं. तो आठवडा संपल्यापासून आजपर्यंत तुम्ही कामासाठी एबल अँड अव्हेलेबल आहात का?"

 पलीकडची टाइप करण्याची टकटक थांबली होती. सगळं त्या एका उत्तरावर येऊन ठेपलं होतं आणि हा माणूस खोटं बोलणार नाही, हे तर आत्ताच कळलं होतं. पेन माझ्या हातात होतं. मी काही लिहिलं नाही. मला ते जमेना.

त्याने डोळे मिटले, उघडले.

"हो," तो म्हणाला. "आहे."

"थँक यू, सर. कारणाच्या रकान्यात मी 'भावाचा मृत्यू' एवढंच लिहिते. चालेल?"

"चालेल."

बाईंनी पुढचे भत्ते कधी सुटतील ते सांगितलं. मी ते लिहून घेतलं, कारण सुमंत ऐकत नव्हता. फोन ठेवल्यावर तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि जिना चढून वर गेला. मला वाटलं, आडवा होईल जरा. तर शॉवरचा आवाज आला, भर दुपारी.

मयताची बातमी आली की आपल्याकडे डोक्यावरून अंघोळ करतात. याने तेव्हा केली होती की नाही, मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती.

मी कपाटातून धुतलेला टॉवेल काढला आणि बाथरूमबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. पाणी बराच वेळ पडत होतं. आतून त्याच्या रडण्याचा आवाज येत होता, मोठ्याने, लहान भावाचा असावा तसा. मलाही रडू आलं. दादांसाठीही आलं, याच्यासाठीही आलं. दार ठोठावलं नाही.

पाणी बंद झालं. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि आतून एक ओला हात बाहेर आला. त्या हातात मी टॉवेल दिला.