दुसऱ्या पानावरची एकटी ओळ

कुलपांच्या कारखान्यात रजेचा तक्ता करायचं काम ऑफिसातल्या ताईंकडे होतं, आणि त्या तक्त्यात स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी घालायची खोडही त्यांचीच. आपणच वाढायचं आणि आपणच आधी ताट ओढायचं, हे त्यांना कधी जमलंच नाही. साहेबांची खोड मात्र नेमकी ताईंच्या मुळावर येणारी. यादी लांबली की ते खालून कापत. "एवढी माणसं एकदम गेली तर कुलपं काय मी ठोकू? खालची दोन नावं काढा!" त्या दोघांत ताई हमखास. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला त्या पंगती उठल्यावर पोचल्या, त्या याच पायी.

यंदा लेकीचं बाळंतपण होतं. पहिलंच. लेक फोनवर सरळ म्हणाली होती, "आई, ह्या वेळी तरी स्वतःला वर टाक. तू नसलीस तर मला फार भीती वाटेल." भीती ताईंनाही वाटत होती, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून त्या सकाळपासून टेबल पुसत होत्या.

टेबल पुसून झाल्यावर त्यांनी आपली ओळ उचलून पहिल्या जागी नेली. पाहिली. लाज वाटली. परत खाली आणून ठेवली. स्वभावाला औषध नसतं, दुसरं काय!

साहेब आता कागदावर सही करत नसत. तक्त्याची पीडीएफ करायची, तळाशी सहीचा पिवळा चौकोन ठेवायचा आणि साहेबांच्या मोबाइलवर पाठवायची. त्यांनी बोट फिरवलं की झाली सही, आणि सही झाली की फाइलला कुलूप. मग त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलत नाही.

पण तक्त्याची पीडीएफ करणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पहिल्या खेपेला 'कारण' हा रकाना पुढच्या पानावर पळाला. एका पानावर नुसती माणसं, दुसऱ्यावर नुसती कारणं. गुडघा कोणाचा आणि साखरपुडा कोणाचा, ते साहेबांनी ओळखायचं. ताईंनी पान आडवं केलं. रकाना परत आला, तर तारखांच्या जागी नुसत्या #### अशा जाळ्या उमटल्या. त्या निस्तरल्या आणि सगळं एका पानात बसवलं, तेव्हा अक्षरं मुंगीएवढी झाली. मागे एकदा अशीच मुंग्यांची रांग पाठवली होती, ती साहेबांनी न वाचताच परत धाडली होती. म्हणून अक्षरं पुन्हा मोठी केली, तर तक्ता दोन पानांवर गेला.

दोष शोधता शोधता ताई पाल्हाळरावांपाशी पोचल्या. हे पॅकिंगमधले गृहस्थ. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. दोन दिवसांच्या रजेसाठी त्यांनी कारणाच्या चौकटीत मेहुणा, मेहुण्याची स्कूटर, स्कूटरला आडवा आलेला कुत्रा आणि त्या कुत्र्याचा मालक एवढी मंडळी कोंबली होती. त्यांची ओळ फुगून अर्ध्या पानाची झाली होती. तिच्या धक्क्याने सगळ्यात खालची ओळ, म्हणजे ताईंची, दुसऱ्या पानावर जाऊन पडत होती.

"थोडं कमी करता का? 'मेहुण्याचा अपघात' एवढं पुरे," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, कुत्रा काढला तर चूक मेहुण्याची ठरते!"

"साहेब काय न्यायनिवाडा करणार आहेत?"

"एक शब्द काढायचा नाही. कष्टाने लिहिलंय मी."

भांडणं ताईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी फाइल तशीच पाठवली. पहिल्या पानावर बाकीचे सगळे, दुसऱ्यावर त्या एकट्या आणि खाली सहीचा चौकोन. आता कापायला साहेबांना शोधावंही लागणार नाही, असं मनात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

चहा संपायच्या आत फाइल सही होऊन परत आली. पाठोपाठ साहेबही केबिनमधून बाहेर आले.

"बाई, ह्या वेळी तुम्ही एकट्याच? बाकीचे शहाणे झाले म्हणायचे! एकच नाव, त्यात कापायचं काय? जा खुशाल लेकीकडे."

ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आजवर तक्ता एकाच पानाचा असायचा. आज फाइल उघडल्याबरोबर मोबाइलने साहेबांना थेट पिवळ्या चौकोनापाशी नेऊन सोडलं होतं. पहिलं पान त्यांनी पाहिलंच नव्हतं.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण मन खाऊ लागलं. "साहेब, त्याच्या आधी एक पान आहे. ते बघितलंत ना?"

ऑफिसातल्या सगळ्या माना वर झाल्या. साहेबांनी त्या माना पाहिल्या.

"म्हणजे काय, बाई? वाचल्याशिवाय सही करतो का मी कधी?"

"तसं नाही, पाल्हाळरावांचं जरा लांबलंय, म्हणून..."

"सगळं वाचलंय!"

साहेब आत गेले. काचेतून दिसलं, त्यांनी मोबाइल काढला, पान वर सरकवलं आणि थबकले. बराच वेळ तसेच उभे होते. कुत्र्यापर्यंत पोचले असावेत. मग दार उघडलं. साहेबांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. दार हळूच परत लागलं.

"बघा! कारण नीट लिहिलं की रजा मिळते," रजेचं विचारायला आलेले पाल्हाळराव म्हणाले. ताईंनी जन्मात पहिल्यांदा त्यांना मनापासून हो म्हटलं.

मग त्यांनी जिन्यात जाऊन फोन लावला.

"ह्या वेळी वर टाकलंस ना स्वतःला?" लेकीने आधी तेच विचारलं.

"नाही गं. शेवटीच होते."

पलीकडचा आवाज बारीक झाला. "म्हणजे परत कापलं?"

"नाही. येतेय मी."

लेक रडायलाच लागली, आणि जिन्यात उभ्या उभ्या ताईही.

"पण कापलं कसं नाही गं?"

"एका कुत्र्याचे उपकार," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "आल्यावर सांगते."