गुंडाळलेली पानं

धाकट्या बहिणीच्या रोपवाटिकेत गुलाबाच्या पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या, तेव्हा तिनं मला बोलावलं. मी पुस्तकं वाचतो, म्हणून मला कळत असेल, असा तिचा गैरसमज.

एक सुरळी उलगडली. आत रेशमी धाग्यांचे टाके आणि तपकिरी डोक्याची हिरवी अळी. बोट लागताच ती मागं सरकली आणि धाग्याला लोंबकळली.

"सुरळीसकट चिरडून टाकू?" माळ्यानं विचारलं.

"थांबा. आधी नक्की कोणती ते पाहू."

"दादा, पंधरा दिवसांनी रोपं जायचीत," बहीण म्हणाली. "औषध फवारल्याचे डाग चालत नाहीत आणि सुरळी दिसली तर गिऱ्हाईक गाडी रिकामी नेईल."

"चार दिवस दे."

एक सुरळी बरणीत घालून घरी आणली. चाराचे बारा झाले. अळीचा सुरळीतच कोष झाला. एका सकाळी कोषाचं रिकामं टरफल सुरळीतून अर्धं बाहेर आलेलं आणि झाकणाला पतंग. अर्ध्या नखाएवढा, गवती रंगाचा, पाठीवर तिरपे तपकिरी पट्टे. पंख मिटून बसला की आकार घंटेसारखा. पुस्तकातले सगळे पतंग पंख पसरून टाचलेले, जुळेना. दुपारपर्यंत पानं उलटत राहिलो. मग सुचलं, तिथल्या अळ्या काय माझ्यासाठी थांबल्या असतील?

तसाच धावलो. "चुकलं माझं. पतंग बाहेर पडलेत. आता अंडी घालतील."

"विद्वान, तीन दिवस उरलेत," बहीण म्हणाली. "बसा आता."

तिघं स्टुलांवर बसलो. एकेक पान उलटायचं. सुरळी दिसली की तोडायची. अंडी म्हणजे माशाच्या खवल्यांसारखा चपटा, फिकट हिरवा ठिपका.

"काका, हे?" माळी विचारायचा.

"अंडी. तोडा."

"हे?"

"नाही."

"नक्की?" बहिणीनं विचारलं.

पुस्तक घरी होतं. "नक्की," मी म्हणालो.

एकदा माळ्यानं मी दाखवलेला ठिपका नखानं खरवडला. "काका, ही चिमणीची शीट!" बहीण इतकी हसली की स्टूल कलंडलं.

ठरल्या दिवशी गिऱ्हाइकानं पानं वरखाली पाहून रोपं गाडीत चढवली. अकरा रोपं आम्ही पार ओरबाडली होती, ती राहिली. संध्याकाळी ती रोपं माझ्या दारात आली.

"ही तुझी," बहीण म्हणाली. "पाणी घाल. वाचत बसू नकोस."