थोरल्याचा उपास

त्या शिंपीदुकानात दोन जुळे भाऊ. एक कापड बेततो, म्हणून गल्लीत तो कात्री. दुसरा शिवतो, तो सुई. वय अठ्ठेचाळीस झालं, तरी थोरला कोण हा वाद मिटलेला नाही. सुईण पहिल्याच्या पायाला दोरा बांधायला विसरली, आणि आई शुद्धीवर आली तोवर दोघंही न्हाऊन-माखून शेजारी झोपलेले. पाटीवर पहिलं नाव कोणाचं, या भांडणापायी दुकानाला पाटीच नाही.

वर्षातून एकच दिवस दोघंही हिरिरीनं धाकटे होतात. वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी ज्यू घरातल्या थोरल्या मुलानं उपास करायचा असतो. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा ज्यू गुलामांना सोडेना, तेव्हा देवानं तिथली पहिली लेकरं नेली आणि ज्यूंची राखली, त्याची ही आठवण. देवाची जाण ठेवावी, पण उपाशीपोटी दुसऱ्यानं ठेवावी, असं कात्रीचं स्पष्ट मत.

यंदाही दुपारी आईच्या स्वयंपाकघरात त्यानं उकडलेले बटाटे पुढे ओढले.

"तू कसा खातोस? थोरला ना तू?" सुईनं विचारलं आणि स्वतः दोन उचलले.

"छे! टक्कल कोणाला पडलंय? थोरला तूच."

"परवा गिऱ्हाइकाला 'मी याचा दादा' म्हणालास!"

"ते परवा."

तेवढ्यात ओट्याशी उभी असलेली आई डगमगली. कात्रीनं धावत जाऊन तिला खुर्चीत बसवलं.

"आई, सकाळी काय खाल्लंस?"

"आज मी खात नाही."

"तू कशाला? तू तर भावंडांत पाचवी!"

"तुम्ही तेरा वर्षांचे होईपर्यंत बाबांनी तुमच्यासाठी उपास केला. पुढे तुमचा तुम्ही करायचा, तर तुम्ही भांडलात आणि जेवलात. अरे, तुमच्यातला एक थोरला आहेच ना? कोणता ते मला ठाऊक नाही, पण तो जगलाय. त्याबद्दल देवाचे आभार कोणी मानायचे?"

पस्तीस वर्षं आई त्यांच्यापायी उपाशी!  कात्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ताटली दूर सारली.

"आई, थोरला मीच. उपास माझा."

"गप रे! मी थोरला!" सुई बटाटा टाकून ओरडला.

"आता दोघंही करा," आई म्हणाली आणि तिनं सगळे बटाटे आपल्यापुढे ओढले. "मीठ द्या इकडे."