पिस्तुलाच्या जागी अंडं

"प्रुइट घराण्याचा उंबरठा गेल्या शंभर वर्षांत एकाही चोराने ओलांडलेला नाही, आणि मी जिवंत आहे तोवर ओलांडणारही नाही!"

ही गर्जना हॅस्केल प्रुइटने ईस्टरच्या रविवारी भर दुपारी केली, तेव्हा त्याच्या पोटावर सशांची नक्षी असलेला एप्रन होता आणि अंडी रंगवून बोटं जांभळी झाली होती. शंभर वर्षांचा उंबरठा बांधून एकतीस वर्षं झाली होती. चोराचं म्हणाल, तर टिंडल गावातली शेवटची चोरी म्हणजे चर्चच्या अंगणातून गेलेला प्लास्टिकचा एक फ्लेमिंगो. तोही चोराने आठवड्याभरात परत आणून ठेवला, वर माफीची चिठ्ठी लावून.

गर्जना जिच्यासाठी होती ती सून, टॅम्रा, पोर्चच्या पायरीवर उभी होती. तिच्या मागे गाडीत पाच वर्षांची ब्रिन्ली आणि तीन वर्षांची ओकली नवे फ्रॉक घालून पट्ट्यांत अडकून बसल्या होत्या. हॅस्केलचा मुलगा ट्रॅव्हिस मोबाइलवर हवामान बघत होता. बायको आणि बाप यांच्या मधोमध सापडलेल्या पुरुषाला आमच्या ओक्लाहोमात हवामानाचा फार आधार असतो.

"चोराचं मी काही विचारलंच नाही, पॉपॉ," टॅम्रा म्हणाली. मुली आजोबांना पॉपॉ म्हणत, म्हणून तीही म्हणायची. "पिस्तूल कुलपात आहे का? हो की नाही?"

"पोरी, कुलपातलं पिस्तूल म्हणजे पेपरवेट! चोर आल्यावर त्याला काय सांगू? बसा जरा, थंड चहा घ्या, मी किल्ली शोधतो?"

"म्हणजे नाही."

"लपवलेलं आहे. असं लपवलंय की ओलेटालासुद्धा ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," आतून बायकोचा आवाज आला. "सांगत नाही, एवढंच. सांगितलं तर बिचारा रोज जागा बदलत बसेल."

"मग मुली आत येणार नाहीत," टॅम्रा म्हणाली. "आम्ही गाडीत बसून जेवू."

"माझ्या घरात मला कोणी अटी घालायच्या नाहीत!"

"तुमच्या घरात नाही घालत. माझ्या मुलींना घालतेय."

वाचकहो, टॅम्रा शाळेत नर्स. मुलींना कुणाकडे खेळायला पाठवायचं, तर ती आधी फोन करून तीन प्रश्न विचारायची. कुत्रा चावतो का? पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का? घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना लोक कौतुकाने उत्तर देत. तिसरा ऐकला, की 'तुम्ही रोज आंघोळ करता का' असं विचारल्यासारखे गप्प होत. वाढदिवसांची आमंत्रणं कमी झाली, पण टॅम्राचे प्रश्न तीनच्या तीन राहिले. फक्त सासरी तिने कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं! गेल्या आठवड्यात ट्रॅव्हिसच्या तोंडून निसटलं, की म्हाताऱ्याच्या रायफली कुलपाच्या कपाटात असतात, पण पिस्तूल नसतं.

एवढ्यात शेजारच्या मिस वांडा बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन आल्या. वय शहात्तर. तीस वर्षं शेरीफच्या हाताखाली नोकरी केलेली. अर्ध्या जिल्ह्याला नेम धरायला त्यांनीच शिकवलं होतं, हॅस्केललासुद्धा.

"बरं झालं आलात, मिस वांडा! हिला सांगा, मी मूर्ख आहे का?"

"ईस्टर आहे, हॅस्केल. आज खोटं बोलायला लावू नकोस." त्यांनी भांडं कठड्यावर ठेवलं. "तुझं म्हणणं काय, ती जागा मुलांना सापडणार नाही?"

"सापडणं शक्य नाही!"

"मग पैज. पिस्तूल मी माझ्या ट्रकमधल्या लोखंडी पेटीत ठेवते. त्याच्या जागी तू एक अंडं ठेव. दुसरं कुठेही लपवायचं नाही. मुलींना ते सापडलं नाही, तर टॅम्रा तुझी माफी मागेल. सापडलं, तर मी सांगेन ते मुकाट्याने ऐकायचं."

"गारा येताहेत," ट्रॅव्हिसने मोबाइलमधून जाहीर केलं.

हॅस्केल मनापासून हसला. ईस्टरची अंडी लपवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. दर वर्षी तो नातींना सांगायचा, "मोठी माणसं बघत नाहीत ना, तिथे बघायचं!" मुली घरभर धावायच्या आणि म्हातारा टाळ्या पिटायचा.

तो आत गेला आणि अंडं ठेवून पिस्तूल घेऊन आला. मिस वांडांनी पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या, नळी दोनदा तपासली आणि ते आपल्या ट्रकमधल्या पेटीत बंद केलं. मग मुली सुटल्या.

ओकली सोफ्याखाली शिरली. ब्रिन्ली मात्र इकडेतिकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. तिने खालचं ड्रॉवर ओढलं, मग त्याच्या वरचं थोडं कमी, मग त्याच्या वरचं आणखी कमी. झाला जिना. त्यावरून ती ओट्यावर चढली आणि फ्रिजच्या माथ्यावरचं वॅफलच्या यंत्राचं खोकं तिने बाजूला सारलं. टॅम्रा पुढे झेपावणार, तोच मिस वांडांनी तिचं कोपर धरलं आणि स्वतः मुलीखाली हात पसरून उभ्या राहिल्या.

"सापडलं!"

"अठ्ठेचाळीस सेकंद," ट्रॅव्हिस म्हणाला. दिवसभरात हवामानाखेरीज त्याने दिलेली ही पहिलीच माहिती.

ब्रिन्ली जांभळं अंडं हलवत खाली उतरली. "पॉपॉ, हे खूपच सोप्पं होतं! पण ते काळं कुठे गेलं?"

"काळं?" हॅस्केलचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठलं काळं, बाळा?"

"ते जड असतं ना, ते. ख्रिसमसला तिथेच होतं. ओकलीला मी खाली आणून दाखवलं. तिला खेळायला हवं होतं, पण मी म्हटलं, पॉपॉचं सरप्राइज आहे, बिघडवायचं नाही. मग पुन्हा टॉवेलात गुंडाळून वर ठेवलं. बरोबर केलं ना मी?"

ख्रिसमसच्या दिवशी सगळी मोठी माणसं शेजारच्या खोलीत बसून हसत होती!

हॅस्केल होता तिथेच जमिनीवर बसला. नातीला जवळ घेऊन म्हणाला, "तू बरोबर केलंस, बाळा. या घरात तू एकटीनेच बरोबर केलंस."

"मी परक्यांना विचारत फिरले," टॅम्रा भिंतीला टेकून म्हणाली, "आणि इथे विचारायला लाजले."

ओलेटाने ओल्या हातांनी तोंड झाकलं होतं. "आणि मला ठाऊक होतं गं."

पण प्रुइट घराण्याचा पीळ असा सहजासहजी थोडाच जातो! खाली बसल्या बसल्याच हॅस्केल म्हणाला, "पण खरंच चोर आला तर?"

"तर पलंगाशी बोल्टने घट्ट बसवलेली पेटी असेल," मिस वांडा म्हणाल्या. "चार बटणं दाबली की दोन सेकंदांत उघडते. किल्ली नाही, शोधाशोध नाही. पिस्तूल तुझ्या अंगावर नसेल तेव्हा त्या पेटीत. रायफली गोळ्या काढून कपाटात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि कपाटाची किल्ली खिळ्याला टांगायची नाही. बंदूक टाकून दे असं मी म्हणतेय का? माझ्या स्वतःच्या चार आहेत! पण लपवलं म्हणजे कुलूप लावलं, हे खूळ डोक्यातून काढ. लपवलेली वस्तू शोधणं हाच तर पोरांचा धंदा. आणि तुझ्या नातींना तो तूच शिकवलास."

"फीड स्टोअरमध्ये जनावरांचा चारा घ्यायला येणारी माणसं हसतील मला. म्हणतील, सुनेने प्रुइटच्या मुसक्या बांधल्या."

"हसू देत. त्यातल्या किती जणांच्या फ्रिजवर काय आहे, ते त्यांच्या नातवंडांना विचारून ये."

हॅस्केल उठला. एप्रन सोडून त्याने खुर्चीवर टाकला.

"पेटी येईपर्यंत ते तुमच्याकडेच राहू दे," तो मिस वांडांना म्हणाला. मग सुनेकडे वळला. "पोरी, तू ते तीन प्रश्न विचारत राहा. कुणी तोंड वाकडं केलं तर माझं नाव सांग."

थोड्या वेळाने सगळे टेबलाभोवती बसले. रिवाजाप्रमाणे एकमेकांचे हात धरले आणि हॅस्केलने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती देवाला उद्देशून होती, पण फीड स्टोअरपर्यंत ऐकू जावी इतक्या मोठ्याने.

"हे प्रभो, या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि ज्या अपघाताने या घराला वगळलं, त्याबद्दल तर जन्मभर आभार! आजपासून या घरात एकही हत्यार कुलपाबाहेर राहणार नाही. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं! मी कुणाला भीत नाही, पण ड्रॉवरचा जिना करणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीला भितो, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही! मूल असलेल्या घराचं रक्षण कुलपापासून सुरू होतं, पिस्तुलापासून नव्हे. हे ज्याला पटत नाही, त्याने माझ्या दारात यावं, मी त्याला पटवीन! आमेन!"

"आमेन," सगळे म्हणाले. टॅम्राने डोळे पुसले. एकेकाने हात सोडून चमचे उचलले.

मग हॅस्केल हळूच म्हणाला, "मिस वांडा, आता हात सोडा ना. बोटं दुखतायत."