खंड्या दिसला, असं ती म्हणाली

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पहिलंच सांगून टाकते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही बसलेला नाही. तुम्ही हे कशासाठी वाचताय ते कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असंच मी ठरवलं होतं. पण काय करणार, गोष्ट पोटात राहत नाही.

हा संशयी स्वभाव मी कारखान्यातूनच घेऊन आले. माझी भिंगं घासून झाली, दोन्ही नळ्या बिजागरीवर बसल्या आणि मला तपासणीच्या टेबलावर ठेवलं. तिथे एक बाई बसायच्या. त्यांनी मला डोळ्यांना लावलं आणि लांबच्या धुराड्याकडे पाहिलं. "एकच दिसतंय खरं," त्या शेजारणीला म्हणाल्या, "पण माझा काही भरवसा बसत नाही." दोन नळ्यांनी मिळून एकच चित्र दाखवायचं असतं. एक नळी केसभर जरी वाकडी असली तरी बघणाऱ्याचं डोकं दुखतं. म्हणून बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, चहा पिऊन आल्यावर परत पाहिलं, आणि मग कुठे पास केलं. माझं पहिलं कौतुक हे असं, हातचं राखून केलेलं.

तिथून मी बंदरावर गेले, एका पहारेकऱ्यांच्या गळ्यात. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांवर संशय घेण्यात गेला आणि त्याचाच त्यांना पगार मिळायचा. कोणती होडी वेळेआधी लागली, पोतं उचलताना कोण सारखं मागे वळून बघतो, हे ते माझ्यातून टिपायचे. "जो उगाच हात हलवतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची," असं ते नव्या लोकांना शिकवायचे. "तो कोणाला तरी इशारा करत असतो." त्यांनी मला कधी कोणाच्या हातात दिलं नाही आणि मऊ फडक्याशिवाय कधी पुसलं नाही. फार सुखाचे दिवस होते ते.

मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर मीही. कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून राहिले. ते गेले तेव्हाही मला कोणी खाली काढलं नाही. माझ्या भिंगांवर बुरशी चढली. दिसायलाच काही नाही, तर संशय कोणावर घेणार? मित्रांनो, माझ्यासारखीला यासारखी दुसरी शिक्षा नाही.

शेवटी मला खाली काढलं ते त्यांच्या मुलीने. तिला मी आईच म्हणते, कारण त्या घरात सगळे तिला आई म्हणतात, तिचा नवरासुद्धा. ती पूर्वी शाळेत शिकवायची. वर्गात इतकी मुलं, की वर्ष संपत आलं तरी काहींची नावं तिला ठाऊक नसायची. हे तिला खुपायचं. स्वतःच्या मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिने नोकरीच सोडली आणि मुलीला घरी शिकवायला घेतलं. त्या मुलीला सगळे बटण म्हणायचे, कारण तान्ही असताना ती बाबांच्या शर्टाची बटणं चावायची. बाबा बेकरीत पाव भाजायचे आणि त्यांची सुट्टी असायची बुधवारी. म्हणून दर बुधवारी तिघं डबा घेऊन कुठेतरी बाहेर पडायचे. आईने चष्मेवाल्याकडून माझी बुरशी काढून आणली आणि मला बटणच्या गळ्यात घातलं.

मला तिथेच शंकेची पाल चुकचुकली. कामाच्या दिवशी, भर दुपारी, चांगली धडधाकट मुलगी घेऊन आईबाप हिंडतायत, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. आणि तसं वाटणारी मी एकटी नव्हते. जुन्या रेल्वे इंजिनांच्या संग्रहालयात तिकीट देणारे काका खिडकीतून वाकून बटणकडे बघत म्हणाले, "काय गं, आज शाळा नाही?"

"आम्ही घरीच शाळा करतो," बाबा म्हणाले.

"असं होय. कोणाची करता?" काका म्हणाले.

बाबा खळखळून हसले. आई हसली नाही. आत जाताना ती पुटपुटली, "लोकांना वाटतं आपण पोरीला फसवतोय." बटणने वर मान करून तिच्या तोंडाकडे बघितलं. ते मी टिपून ठेवलं.

मजा मात्र चालायची, ते नाकारून चालणार नाही. इंजिनात चढून बाबांनी शिट्टीची साखळी ओढली. आवाज आलाच नाही, तर तोंडाने काढला. काचेच्या कारखान्यात लांब नळीच्या टोकाला काचेचा फुगा फुगताना बघून बटण श्वास घ्यायची विसरली. आईला प्रत्येक गोष्टीतून धडा काढायची खोड होती. डब्यातली काकडी चिरतानाही ती म्हणायची, "सांग बघू, हिच्यात पाणी कुठून आलं?" आणि बाबा म्हणायचे, "आधी खाऊ दे तिला, पाणी कुठे पळून जातंय?" तिघं हसायची. खरं हसतायत की लोकांना दाखवायला, ते मात्र मला बरेच दिवस ठरवता आलं नाही.

मग तळ्यावरचा तो बुधवार आला. आईला खंड्या फार आवडतो. निळा, लांब चोचीचा, पाण्यात सूर मारून मासा पकडणारा. "तो बघ, वाकलेल्या फांदीवर," आईने कुजबुजत दाखवलं. बटणने मला डोळ्यांना लावलं. "दिसला," ती म्हणाली. "चोच केवढी लांब आहे." आईचा चेहरा असा काही फुलला, की बाबांनी तिच्याकडेच बघत राहावं.

आता ऐका. खंड्या होता डावीकडे, आणि मी रोखलेली होते समोरच्या काठावर. तिथे कोणत्यातरी शाळेची पिवळी बस उभी होती.

म्हणजे मुलगी खोटं बोलत होती. चोच लांब असते, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. एवढीशी पोर, पण ताकास तूर लागू दिली नाही. आणि त्यापुढचं सांगते. मला एका हाताने धरून ती दुसरा हात हलवत होती. मांडीवर एक थाप, मग हवेत एक, मग परत मांडीवर दोन. मी कान टवकारले. पहारेकऱ्यांचं बोलणं आठवलं. ही इशारा करते आहे, पण कोणाला?

त्यानंतर मी तिच्यावर पाळतच ठेवली. पाखरांच्या बागेत ती म्हणाली, "बगळा दिसला," आणि मी होते फाटकापाशी रांगेत उभ्या असलेल्या मुलांवर. धरणावर ती म्हणाली, "पाणकावळा," आणि मी होते जिन्यावर बसून डबे उघडणाऱ्या पोरींवर. बुधवारी शाळांच्याच सहली यायच्या, त्यामुळे कुठेही गेलं तरी मुलांचा घोळका असायचाच, लांब कुठेतरी. बटणचा हात चालूच. मांडीवर, हवेत, मांडीवर. आईबाप बिचारे खूश, की पोरीला पाखरांचा नाद लागला. आता शाळा कोण कोणाची करत होतं, तुम्हीच सांगा.

मला फार दिवस राग येत होता. मी दूरचं दाखवायला जन्मले, आणि माझ्या आडून ही थापा मारते. पण दर बुधवारी तिचे डोळे माझ्यावर टेकलेले असायचे. त्या डोळ्यांत लबाडी असती तर मला कळली असती, तेवढी मी बंदरावर मुरलेली आहे. ते डोळे भुकेले होते. आणि एकदा माझ्या लक्षात आलं, की समोर दोन मुली समोरासमोर बसून टाळ्यांचा खेळ खेळतायत आणि बटणचा हात अगदी त्यांच्याबरोबर चालतोय. इशाराबिशारा काही नव्हता. हा खेळ दोघींनी खेळायचा असतो आणि ती एकटी खेळत होती. मला मेलीला इतके दिवस कळलं नाही. त्या दिवसापासून माझा संशय गेला आणि पोटात भीतीच बसली. हे आईला कळलं तर? जिने हिच्यासाठी नोकरी सोडली तिला काय वाटेल? आणि बटणला तरी हीच भीती असणार.

धरताना मी हलते म्हणून बाबांनी माझ्यासाठी तीन पायांची लाकडी घोडी बनवली. तिच्यावर मला बसवलं, की जिथे रोखलं तिथेच मी राहायचे. टेकडीवरच्या जुन्या मनोऱ्यावर आम्ही गेलो तेव्हा ती घोडी पहिल्यांदा मांडली. आई सावलीत बसून पाव कापत होती. बटणने माझं मधलं चाक फिरवून खाली बागेकडे नजर लावली. तिथे बस होती, गवतावर मुलं होती, आणि दोन वेण्यावाली आणि चष्मेवाली अशा दोन पोरी टाळ्या खेळत होत्या.

"काय दिसतंय?" आईने विचारलं.

"खंड्या," बटण म्हणाली. सवयच झाली होती तिला.

सुरी थांबली. "इथे?"

"हो. बसलाय." तेवढ्यात बाबांनी पाणी प्यायला हाक मारली आणि बटण पळाली. मी घोडीवर तशीच राहिले. आई उठून माझ्याकडे यायला लागली. मला वाटलं, कोणीतरी धक्का मारावा, वाऱ्याने तरी मला फिरवावं. पण बाबांनी घोडी पक्की केली होती.

आई वाकली. तिलाही त्या टाळ्या खेळणाऱ्या पोरी दिसल्या. मग तिने बटणला जवळ बोलावलं.

"कुठे होता गं खंड्या?"

"तारेवर."

"बटण, इथे कुठे पाणी आहे का?"

बटणने चारी बाजूंना बघितलं. "नाही."

"मग तो खाणार काय?"

बटण खाली बघत म्हणाली, "तुला आवडतो ना तो, म्हणून म्हटलं."

आई तिच्यासमोर खालीच बसली. बटणला वाटलं असणार, की आता ओरडा बसणार, कारण ती भराभर बोलायला लागली. "त्या खेळतात ते मला येतं आई. हाताचं सगळं येतं. पण त्या तोंडाने काहीतरी म्हणतात, ते दुर्बिणीतून ऐकू नाही येत. तुला येतं का?"

आईला पाखरांची नावं येत होती, ग्रहांची येत होती, काकडीतलं पाणी कुठून येतं तेही सांगता यायचं. "नाही गं," ती म्हणाली. "मला नाही येत." तिचे डोळे भरून आले. फार वाईट वाटलं तिला, आणि ते तिने लपवलं नाही. "शाळेत जायचंय का तुला?"

बटणने नीट विचार केला. "माहीत नाही. मला बुधवार पण हवाय."

"बुधवार कोणी काढून घेत नाही," आई उठत म्हणाली. "चल, त्या काय म्हणतात ते विचारून येऊ."

दोघी जिना उतरून गेल्या. बाबा पाव तसाच हातात धरून माझ्यापाशी आले आणि त्यांनी डोळे लावले. खाली शाळेच्या बाईंनी शिट्टी वाजवली होती. मुलं डबे आवरून उठायला लागली होती, बसचं दार उघडं होतं. टेकडी उतरायची वाट वळणावळणाची. "थांबा ना जरा," बाबा त्या बाईंना म्हणत होते, ज्यांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग पायवाटेच्या टोकाला बटण दिसली, पळत येणारी, आणि मागे आई. आई झाडापाशीच थांबली. तिने मुद्दामच पुढे पाऊल टाकलं नाही.

बटणने त्या दोघींना काहीतरी विचारलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. ती नजर मी ओळखते, बंदरावर रोज बघायचे. नव्या माणसाला आत घ्यायचं की नाही, ते त्या नजरेत ठरतं. बाबांच्या श्वासाने माझ्या काचेवर वाफ धरली. त्यांनी घाईघाईने मला शर्टाने पुसलं, मैदा लागलेला शर्ट, एरवी मी चिडले असते. पुन्हा बघितलं, तेव्हा दोन वेण्यावालीने दोन्ही तळवे पुढे केले होते. बटणचे हात कुठेच चुकले नाहीत. तोंड मात्र आधी बंद होतं. मग त्या दोघी मोठ्याने म्हणायला लागल्या असणार, कारण बटणचे ओठ हलायला लागले. बाईंनी परत शिट्टी वाजवली आणि मग स्वतःच हात बांधून बघत उभ्या राहिल्या.

त्या दोघी आमच्या जवळपासच राहणाऱ्या निघाल्या आणि त्यांना सुट्टी रविवारची, म्हणून बाबांनी बेकरीत सांगून आपली सुट्टीही रविवारी घेतली. रविवारी त्या दोघी आमच्याबरोबर येतात आणि बुधवारी बटण आणि आई दोघीच जातात. पुढच्या वर्षी शाळा की घर, यावर वाद चालूच आहे, फरक इतकाच की आता बटणलाही विचारतात. तीन पोरी माझ्यासाठी भांडतात, भिंगांना बोटं लावतात, आणि खेळ रंगला की मला गवतात टाकून जातात. मला राग येतो. त्या चष्मेवालीवर तर माझा अजून पूर्ण भरवसा नाही.

मित्रांनो, दुर्बीण मऊ फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, पट्टा गळ्यात अडकवल्याशिवाय उचलू नका. हे तुम्ही ऐकाल की नाही, मला शंकाच आहे. पण एवढं तरी ऐका. एखादं लेकरू दुर्बीण लावून बघत होतं आणि उठून गेलं, तर ती लगेच आपल्या खंड्याकडे वळवू नका. आहे तशीच राहू द्या, वाका, आणि ते कुठे बघत होतं ते आधी बघा.