भुंग्याची पोळी

घरचा कुत्रा भुंग्या खाजवायला लागला की हेमलताच्या हातातलं काम थांबे. त्याच्या पोटावरचे केस गेले होते, कान लालभडक झाले होते. गंधकाचं मलम झालं, कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळी झाल्या. विमान कारखान्यातून दमून आलेल्या तिच्या नवऱ्याला, उमाकांतला, ती खरखर सहन होईना. येलहंक्याला ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे कुत्रा देऊन टाकू, असं तो म्हणायला लागला. हेमलताला ते नको होतं. पुणं सोडून बंगळूरला आल्यापासून दिवसभर तिच्या सोबतीला भुंग्याच होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाले, याला एखादं अन्न सोसत नसावं. दूध, पोळी, वरण-भात बंद करा. कधीच न खाल्लेलं तेवढंच द्या, नाचणी आणि मटण.

हेमलताने जन्मात मटण हाताळलं नव्हतं. उमाकांतने सांगितलं, स्वयंपाकघरात ते शिजणार नाही. मग तिने मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या. शेजारच्या सत्यवतीअक्का पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी मटण आणून दिलं, बिनमिठाचं कसं शिजवायचं ते दाखवलं. वासाने हेमलताला उलटी झाली. तोंड धुऊन ती परत चुलीपाशी बसली.

महिन्याभरात खाज गेली, पोटावर मऊ लव आली. पण दोष नेमका कशाचा ते कळायला आता एकेक पदार्थ पुन्हा देऊन बघायचा होता.

"बरा झालाय तो. मी मुद्दाम त्रास देऊ?"

"जन्मभर त्या विटांपाशी बसणार आहेस का?" उमाकांत म्हणाला.

आधी दूध दिलं. ती आठवडाभर त्याच्यामागे फिरून कान तपासत राहिली. काही झालं नाही. वरण-भातही सोसला. मग तिने पोळीचा तुकडा पुढे केला. भुंग्याने शेपटी हलवत तो गिळला, आणखी मागितला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचे पाय चावायला लागला.

"अक्का, माझ्या हाताने दिलं हो."

"स्वल्प धीर धर," अक्का म्हणाल्या. "कळलं ना आता?"

खाज उतरेपर्यंत हेमलताला धड झोप आली नाही. मटण थांबलं, पोळी कायमची गेली.

जेवताना भुंग्या उमाकांतच्या पानाशी येऊन बसे. त्याच्यासमोर पोळी मोडणं उमाकांतला जमेना. पोळ्या कारखान्याच्या डब्यातच देत जा, घरी मला भात वाढ, असं त्याने सांगितलं. हेमलताने मान हलवली. तरी उमाकांत पानावरून उठेपर्यंत ती जमिनीवर पोळीचा कण सांडलाय का तेच बघत होती.